जळकं तेल

“तेवढी एक ओळ पुन्हा वाचा, साहेब,” भीमसिंग म्हणाला.

जमादाराच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने वाचलं. ‘सदर इसमाने बंदूक साफ करताना नळीत ट्रॅक्टरचे जळके तेल घातले. मी बार काढताच उजवी नळी फाटली व शेजारी बॅटरी धरून उभा असलेला माझा मुलगा बालाजी याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.’ खाली तातेरावांची सही. बंदूक तातेरावांची, जबाब तातेरावांचा, आणि सदर इसम म्हणजे भीमसिंग.

तातेराव भीमसिंगच्याच बाकावर, हातभर अंतरावर बसले होते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा भीमसिंगला वाटलं होतं, तातेराव पाटलांना काहीतरी मदत लागली असणार. बायकोला, रुक्माबाईला तसं सांगूनच तो सकाळी तांड्यावरून निघाला होता. धुतलेला सदरा घालून, दाढी करून. वयाच्या बासष्टाव्या वर्षी एवढा भोळेपणा शोभत नाही, पण वीस वर्षांच्या दोस्तीत माणूस शहाणा होत नाही, उलट आहे ते शहाणपणही घालवून बसतो.

भीमसिंगने बावीस वर्षं लष्करात बंदुका दुरुस्त केल्या. पेन्शन घेऊन सिद्धेश्वरजवळच्या आपल्या तांड्यावर आला तेव्हा त्याला शेती धड येत नव्हती आणि बंदुकीशिवाय करमत नव्हतं. आसपासच्या गावांत पिकांच्या राखणीसाठी परवान्याच्या सतरा बंदुका होत्या. त्या तो साफ करून देऊ लागला. मालक समोर बसल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. परक्याची बंदूक घरात एक रात्रही ठेवायची नाही, हा दुसरा.

बाकी माणूस मवाळ. पण तेलाचा विषय निघाला की त्याच्या तोंडाला लागू नये. नळी धुवायला घासलेट, पण धुतल्यावर ती कोरडी ठणठणीत झाली पाहिजे, नाहीतर आठवड्यात आतून तांबूस होते. शिशाचा थर बसला असेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन. घोडा आणि चाप यांना शिलाई मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकाने, थेंबभर. खोबरेल थंडीत गोठतं. जवसाचं तेल लाकडी दस्त्याला चोळलं तर दस्ता उजळतो, तेच लोखंडाला लावलं तर डिंकासारखं धरून बसतं. कुणी शेंगदाण्याच्या तेलाचं नाव काढलं की भीमसिंग विचारायचा, “भजी तळायची हायेत का?”

तातेरावांची आणि त्याची ओळखही तेलावरूनच झाली. पहिल्यांदा त्यांनी आपली बारा बोरची दुनळी आणली तेव्हा नळ्या आतून काळ्याकुट्ट. विचारलं तर म्हणाले, ट्रॅक्टरमधून काढलेलं तेल वाया कशाला घालवायचं, म्हणून ओतलं. त्या दिवशी भीमसिंगने एवढ्या मोठ्या बागायतदाराला ओट्यावर बसवून शाळेतल्या पोरासारखं झापलं. जळक्या तेलात लोखंडाचा कीस असतो, आंबटपणा असतो, ते नळी खातं. बंदुकीचा काळ आहे ते. तातेरावांनी राग धरला नाही. त्यांना हा माणूस आवडला. तेव्हापासून दरसाल ते स्वतः येऊन समोर बसत, चिंध्या फाडून देत. बंदूक झाली की रुक्माबाईच्या हातची भाकरी खाऊन जात. आजारपणात, लेकीच्या लग्नात, कशातच दोघे एकमेकांना सोडून नव्हते.

निवडणूक लागली की सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होतात. ओल्या भिंतीला टेकून दोन-दोन महिने पडून राहतात. म्हणून जमा करण्याआधी भीमसिंग दोन्ही नळ्यांमध्ये पिवळं ग्रीस गच्च भरायचा आणि चापाला लाल दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे बार काढायचा नाही. बंदूक परत मिळाली की आधी माझ्याकडे, ग्रीस काढून, नळीतून पलीकडचा उजेड दिसल्यावर मगच काडतूस. हे सतराही घरांत पाठ होतं. ग्रीसने तुंबलेल्या नळीतून बार काढला तर नळी फाटते, हे लहान लेकरांनाही ठाऊक होतं.

यंदा विधानसभा झाली, तातेरावांनी बंदूक सोडवून आणली आणि खुंटीला लावली. हिंगोलीतलं एक लग्न आटोपून भीमसिंगकडे नेऊ, असं ठरवून ते लग्नाला गेले. त्याच रात्री हरभऱ्यात डुकरं शिरली. बालाजीने बंदूक उचलली, दोरा तोडला, घाईत उजव्या नळीत एक काडतूस कोंबलं आणि बार काढला.

ही खरी हकिकत भीमसिंगला ठाऊक होती, कारण तातेरावांच्या पत्नीने, मंजुळाबाईंनी, दवाखान्यातून रडत रडत रुक्माबाईला फोनवर सांगितली होती. तेव्हा जबाब ठरायचा होता. परवाना बापाचा, बार लेकाने काढलेला. म्हणजे लेकावर गुन्हा. तो टाळायला बार आपण काढला असं तातेरावांनी सांगितलं. आणि नळी का फाटली याला कारण हवं, म्हणून भीमसिंग.

“साहेब, बंदूक इथंच हाय का?” भीमसिंगने विचारलं.

बंदूक कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. जमादाराने ती टेबलावर उलगडली. उजवी नळी काडतुसाच्या घरापुढे उघडून केळीच्या सालीसारखी मागे वळली होती. भीमसिंगला क्षणभर बघवलं नाही. मग त्याने हात पाठीमागे बांधले.

“डावी नळी बघा, साहेब. तुमीच बोट घाला. मी घातलं तर म्हनतील, ह्यानंच आता भरलं.”

जप्तीच्या वेळी सगळ्यांनी फाटलेल्या नळीकडेच पाहिलं होतं. जमादाराने डाव्या नळीत करंगळी घातली. ती दुसऱ्या पेरापर्यंत पिवळी होऊन बाहेर आली.

“हे माझं ग्रीस. निवडणुकीच्या आधी भरलेलं. बंदूक माझ्याकडं साफ व्हायला आली असती, तर मी एकच नळी साफ करून दुसरी तशीच ठेवलो असतो का? आन् वास घ्या त्याचा. जळकं तेल हाय का ते सांगा.”

जमादाराने वास घेतला, बोट कागदाला पुसलं आणि तातेरावांकडे पाहिलं. तातेरावांची मान खाली गेली होती. वीस वर्षं समोर बसूनही त्यांना डावी नळी आठवली नव्हती.

“म्हणजे साफ न करताच बार काढला,” जमादार म्हणाला. “कोणी काढला? तुम्हाला काही माहिती?”

नळी फाटली तर इजा ती धरणाऱ्या हाताला होते, आणि तातेरावांच्या दोन्ही हातांवर ओरखडासुद्धा नव्हता. तेवढं बोट दाखवून सांगितलं असतं तरी पुरे होतं. भीमसिंगच्या मनात ते येऊन गेलं, आणि आलं याची त्याला लाजही वाटली नाही.

“माझ्या तेलाचं मी सांगितलो, साहेब. बाकीचं ज्याचं त्यानं सांगावं.”

फाटकाबाहेर तातेरावांनी त्याला गाठलं. गाडीत बसा, तांड्यावर सोडतो, म्हणाले. भीमसिंग यष्टीच्या रस्त्याला लागला. तातेराव मागून चालत राहिले.

“भाऊ, लेकराचं नाव आलं असतं. मंजुळा पाय धरून राहिली होती. मी काय करू?”

भीमसिंग थांबला.

“मला इचारायचं, पाटील. भीमसिंगकडून साफ करायचं चुकून ऱ्हायलं, असं लिहा म्हनला असता, तर मी सही केलो असतो. बालाजी माझ्या मांडीवर खेळलेला हाय. पर जळकं तेल? ते काहून सांगितलं?”

तातेराव खालच्या आवाजात म्हणाले, “जमादारानं इचारलं, नळी कशानं खराब होती. तुमीच शिकवलेलं तेवढं तोंडात आलं.”

पुढे तातेरावांना जबाब बदलावा लागला. बालाजीवर गुन्हा दाखल झाला, परवाना गेला, भीमसिंगचं नाव कागदावरून निघालं. पण कागद वाचतो कोण? भीमसिंगने बंदुकीत जळकं तेल घातलं आणि पाटलाच्या पोराची बोटं उडाली, ही गोष्ट तोवर वारंगा फाट्यापर्यंत पोचली होती. तिथल्या चहाच्या टपरीवर एकाने ती भीमसिंगलाच सांगितली.

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, म्हणून त्याआधीचे दोन दिवस भीमसिंगच्या ओट्यावर बसायला जागा नसे. यंदाही त्याने गोणपाट अंथरलं, नळी पुसायचा गज, चिंध्या आणि तेलाच्या बाटल्या मांडल्या. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या सतरा बंदूकवाल्यांपैकीच एक, सुदाम, बंदुकीची पिशवी पाठीला लावून मोटारसायकलवरून समोरून गेला. त्याने राम राम केला आणि हिंगोलीच्या दिशेने निघून गेला. खंडेनवमीला भीमसिंगने नुसत्या गजाला हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यालाही गोणपाट तसंच राहिलं. उचल म्हणायला रुक्माबाईची जीभ रेटली नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी तातेराव आले. गाडी तांड्याबाहेर ठेवून पायी आले. नेसलेलं नवं धोतर, हातात आपट्याची पानं. वर्षभरात खूप वाळले होते. ओट्यापाशी येऊन त्यांनी पानं पुढे केली.

“सोनं घ्या, भाऊ.”

सोनं हातात घ्यायचं आणि गळाभेट करायची, एवढंच. रुक्माबाई दारात येऊन उभी राहिली. भीमसिंगने वर पाहिलं. त्याच्या मनात राग आता फारसा उरला नव्हता. त्या जागी काय होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने शेजारची चिंधी उचलली.

“हात तेलाचे हायेत, पाटील. तिथं ठेवा.”

तातेरावांनी गोणपाटावरच्या बाटल्यांकडे पाहिलं. चार दिवसांत एकीचंही बूच निघालं नव्हतं. त्यांनी पानं ओट्याच्या कडेला ठेवली, थोडं थांबले आणि वळून चालू लागले. ते तांड्याबाहेर जाऊन दिसेनासे होईपर्यंत भीमसिंग कोऱ्या चिंधीने आपले कोरडे हात पुसत राहिला.