तांबडीची पाच अंडी आणि माझा उजेड

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, हसू नका. माझ्या पोटात बल्ब आहे आणि डोक्यावर रुपयाएवढं भोक. हर्षदा पाबळला शिकायला होती, तेव्हा तिने मला कापून, घासून घडवलं. अंड्याला पत्रा टोचू नये म्हणून भोकाभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. लग्नानंतर ती केंदूरला आली, तेव्हा सासरी आणलेल्या भांड्यांत मीही होतो. त्याचा मला आजही ताठा आहे.

कोंबडीखाली पुरते तीन दिवस झालेलं अंडं माझ्या भोकावर ठेवलं, की उजेड आरपार जातो आणि शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव धरलाय हे कळतं. हर्षदाच्या सासूबाईंना, भामाबाईंना, मी मुळीच आवडत नसे. त्यांचं बालपण मेंढरांमागे गेलेलं. "मेंढीच्या पोटाला हात लावला की मला कळतंय. ह्यो डबा कशापायी?" असं म्हणून त्या नाक मुरडायच्या.

मग त्यांची लाडकी तांबडी कोंबडी मुंगसाने नेली. मागे उरली तिची पाच अंडी. तांबडीचं वाण आता तेवढ्यातच होतं. भामाबाईंनी ती दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वतः मला फळीवरून खाली काढलं.

"आज तिसरा दिस. बघ गं," त्या म्हणाल्या.

हर्षदाने दार लोटून अंधार केला आणि एकेक अंडं माझ्यावर ठेवून पाहिलं. "आत्या, शिरांचं जाळं न्हाई दिसत. पाची रिकामी हायेत."

भामाबाईंचा चेहरा उतरला. टाकून द्यायला त्यांनी अंडी पदरात घेतली.

मी कासावीस झालो! चार अंड्यांत, बलकावर, मला पुसट लाल ठिपके दिसले होते. मित्रांनो, शिरा काही तयार होऊन येत नाहीत. आधी रक्ताचे सुटे ठिपके जमतात. ते एकमेकांना भिडतात, त्यांच्या बारीक नळ्या होतात, नळ्यांना फाटे फुटतात. तोवर इवलंसं काळीज धडधडू लागतं. मग जिथून रक्त जास्त वाहतं ती वाट रुंद होते आणि जिथून वाहत नाही ती मिटते. पुढे असंच आणखी एक जाळं कवचाला आतून लागतं आणि बाहेरची हवा पिल्लाला पोचवतं. हे सगळं नुकतं सुरू झालं होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

भामाबाई दारापर्यंत गेल्या, तेव्हा हर्षदाने विचारलं, "आत्या, अंडी बसवली कवा?"

"बुधवारी सांजच्याला. बुधवार, बेस्तरवार, शुक्रवार. झालं की तीन!"

"अवं, सांज ते सांज दोनच झाले! बसवल्याला दिस बी धरला व्हय तुम्ही?"

"मग? त्यो काय फुकट गेला?" असं म्हणाल्या खऱ्या, पण पावलं कोंबडीकडेच वळली.

रविवारी पुन्हा पाहिलं. चार अंड्यांत लाल जाळं, आणि मधोमध एक ठिपका उडत होता. पाचवं खरंच रिकामं होतं.

"आगं, हालतंय की गं!" भामाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने मलाही पुसलं.

आता हर्षदा मोबाईलच्या उजेडात अंडी पाहते. मी फळीवर निवांत असतो. माझी धूळ तेवढी अधूनमधून झाडा, मित्रांनो. आणि काही दिसलं नाही, म्हणून लगेच रिकामं म्हणू नका. आधी दिवस नीट मोजा.

त्या चार पिल्लांतली एक अगदी आईसारखी तांबडी निघाली. रोज दुपारी फळीवर उडून माझ्या डोक्यावर बसते आणि मला घाण करते. मला तिचा राग येत नाही. ती नुसता ठिपका होती, तेव्हापासून मी तिला ओळखतो.