घसरगुंडीच्या पोटात गोकुळा

मी चांद्याच्या तळ्याकाठच्या बागेतली लाकडी घसरगुंडी. आता माझ्या पायऱ्या कुरकुरतात. पण मित्रांनो, बावन्न साली मी इथे आले तेव्हा माझा थाट काय सांगू!

आलापल्लीच्या जंगलातला साग मी. वारलू सुतारांनी मला रंधा मारून, मेण चोळून इतकं गुळगुळीत केलं, की पहिल्याच दिवशी कचेरीतले एक कारकूनही धोतर सावरत घसरून गेले. शिडीखाली विंचूकाटा शिरू नये म्हणून ती जागा त्यांनी फळ्यांनी बंद केली.

चार वर्षं कौतुक झालं. मग मागच्या एका फळीचा खालचा खिळा गळून पडला. ती वरच्या खिळ्यावर लोंबू लागली. बागेचे माळी मुखरूभाऊ रोज ती बघत आणि रोज म्हणत, "उद्या ठोकतो."

एका रविवारी बाजार उरकून सुगंधाबाई बागेत टेकल्या. तळ्याकाठच्याच गावात त्यांचं घर, धंदा मासळीचा. त्यांची चार वर्षांची गोकुळा हातातला मुरमुऱ्यांचा पुडा तळ्याच्या पायरीवर ठेवून एका खारीमागे धावली. खार माझ्या पोटात शिरली, पाठोपाठ गोकुळाही. फळी मागे येऊन शेजारच्या फळीत घट्ट रुतली.

थोड्या वेळानं वाऱ्यानं पुडा पाण्यात पडला. पोर कुठे दिसेना, आणि तरंगणारा तो पुडा पाहून सुगंधाबाईंनी हंबरडा फोडला. बाजारातून गोकुळाचे वडील लटारू धावत आले आणि त्यांनी अंगरख्यासकट तळ्यात उडी घेतली. कोणी जाळं आणलं, कोणी बांबू. "इकडं पाहा!" "तिकडं खोल आहे!" नुसता गलका.

आणि गोकुळा माझ्या पोटात रडत होती. इवल्या मुठींनी फळी बडवत होती. प्रत्येक ठोका मला कळत होता, पण मित्रांनो, लाकडाला वाचा कुठली! जाळं तीनदा रिकामं आलं. लटारूंचे ओठ निळे पडले, तरी ते बाहेर येईनात.

मुखरूभाऊ एकाएकी ओरडले, "चूप राहा सारे! लेकरू पाण्यात नसंन, कुठंतरी भेलं असंन, या गलक्यात काय बोलंन? बाई, तुम्ही एकट्याच हाक मारा."

सगळे गप्प झाले. सुगंधाबाईंचा घसा बसला होता. त्यांनी कशीबशी हाक मारली, "गोकुळाऽ!"

माझ्या पोटातून आवाज आला, "माय, मले निंगता येऊन नाई राह्यलं."

मुखरूभाऊंनी दोन्ही हातांनी फळी उपटली. त्यांची बोटं सोलली, पण त्यांना भान नव्हतं. आईनं पोरीला एक धपाटा घातला आणि लगेच छातीशी धरलं. लटारू ओल्या कपड्यांनिशी मातीतच बसले आणि हसता हसता रडू लागले.

मुखरूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "चूक माही आहे, बाई. उद्या-उद्या करत राह्यलो."

"ठोका आता, भाऊ," सुगंधाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण पयले आत पाहून घ्या. ते खार असंन अजून."

सगळी बाग हसली. खार खरंच आत होती.

त्याच संध्याकाळी मला चार नवे खिळे बसले. मित्रांनो, बागेतली फळी हलताना किंवा झोपाळ्याची साखळी झिजलेली दिसली, तर खेळ थांबवून आधी माळीकाकांना गाठा. ते "उद्या" म्हणाले, तर तिथेच उभे राहा.