टोकन नंबर एकशे अठ्ठावीस

मला राग पटकन येतो आणि लाज फार उशिरा. त्या दिवशी दोन्ही एकाच तासात आली.

हुडकेश्वरच्या एका सभागृहात डोळे तपासणीचं शिबिर होतं. टोकनचा प्रोग्राम मी लिहिलेला. गावोगावी आधीच वाटलेली चिठ्ठी दारात स्कॅन करायची. तिचा नंबर यादीतल्या नंबराशी जुळला की हिरवं, नाही तर लाल. ऑफिसातल्या मायाने आदल्या दिवशी विचारलं होतं, "रितिका, मोठे आकडे टाकून पाह्यले का वं?"

"दहा चालले म्हणजे दोनशेही चालतात," मी तोऱ्यात म्हटलं होतं.

एकशे सत्तावीसपर्यंत सगळं हिरवं. मग रुपराव आले. सत्तरीचे, काठी टेकत, पहिल्या एसटीने एकटेच आलेले. लाल. पुन्हा स्कॅन केलं, पुन्हा लाल.

"काकाजी, कोणाची चिठ्ठी उचलून आणली?" मी अख्ख्या रांगेसमोर खेकसले.

"मलेच देल्ली होती मॅडम. माहं नाव रुपराव हाय."

"मग मशीन खोटं बोलून राहिली का? व्हा बाजूले."

ते काठी सरकवत बाजूला झाले.

एकशे एकोणतीसही लाल. एकशे तीसही.

लॅपटॉप उघडला. चूक माझीच, तीही कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ती. समजा, प्रोग्राम प्रत्येक नंबर एका डबीत ठेवतो. एकशे सत्तावीसपर्यंतच्या डब्या आधीच तयार असतात, जो मागेल त्याला तीच डबी मिळते. त्यापुढे दर वेळी नवी. मी विचारत बसले होते, डबी तीच आहे का? विचारायचं होतं, आतला आकडा सारखा आहे का? एक ओळ बदलली आणि रांग पुढे सरकू लागली.

रुपराव मात्र रांगेत नव्हते. शोधत गेले तर ते फाटकाबाहेर स्कूटर स्टँडच्या कठड्यावर बसले होते. माझी हाक ऐकून चाचपडत उठले.

"माफ करजा मॅडम," तेच म्हणाले. "मले दिसत नाही. दुसऱ्याची उचलली असन म्या. तो बिचारा धुंडून राहिला असन, त्याले देऊन द्या."

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. नंबराखाली ठळक अक्षरात त्यांचं नाव छापलेलं होतं. त्यांना ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी वाचलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात धरून त्यांना आत नेलं. रांगेसमोर उभं राहून म्हटलं, "चिठ्ठी यांचीच आहे. चूक माझी होती."

मघाशी केवढा चढला होता आवाज. आता मागच्यांना ऐकूही गेला नाही. मग मी पुन्हा म्हटलं.