ताईंची किडनी

आमच्या ह्यांना त्यांच्या मोठ्या बहिणीनं, ताईंनी, किडनी दिली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं होतं. "रक्तदाब वर-खाली होतच असतो. किडनीच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्या असतात. दाब वाढला की त्या आवळतात, उतरला की सैल होतात. म्हणून आत रक्त सारखंच पोचतं. दुसऱ्याच्या पोटात बसवली तरी किडनी हे आपलं आपण करते. पण एका मर्यादेपर्यंतच हं. बीपीची गोळी चुकवायची नाही."

ताईंनी सगळं ऐकलं. ह्यांनी सोयीचं तेवढंच ऐकलं.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. गिऱ्हाइकांना फाडफाड बोलायचे, "आवाज यायला लागल्यावर बोलावता होय? तोवर दोर झिजून जातो!" आणि स्वतःच्या गोळ्या मात्र डबीत तशाच. गोळीनं गरगरतं, उंचावर काम कसं करू, हे त्यांचं कायमचं तुणतुणं. मी भांडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी! बीपी गगनाला भिडलं तरी किडनीचा रिपोर्ट छान यायचा. "बघ, ताईसारखीच खमकी आहे. सगळं निभावून नेते," म्हणत तो रिपोर्ट माझ्या नाकासमोर नाचवायचे. निभावतच होती बिचारी, म्हणून तर कुणाला काही कळलं नाही.

यंदा जुलाब-उलट्यांचं निमित्त झालं. दाब एकदम उतरला आणि लघवीच थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी वर्षं दाब सोसून त्या वाहिन्या जाड, कडक झाल्या होत्या. सैल व्हायच्या वेळी झाल्याच नाहीत. आत रक्त पोचलं नाही. किडनी गेली ती गेलीच. आता डायलिसिस.

"ताईला तू सांग ना," हे म्हणाले.

"मी नाही सांगणार. तुम्ही घेतलीत, तुम्हीच सांगा."

ह्यांच्या मानेला डायलिसिसच्या नळीची पट्टी होती, तशाच अवस्थेत ताईंकडे गेलो. ताई इस्त्री करत होत्या. ह्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, गोळ्यांचंही लपवलं नाही. ताईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मला वाटलं, आता खरडपट्टी काढतील. खरं सांगायचं तर मला ती हवीच होती.

"मी रोज गोळी घेते रे," त्या हळूच म्हणाल्या. "अळणी खाते. एकच उरलीय म्हणून जिवापाड जपते. तुझ्याकडेही एकच होती की."

"चुकलो, ताई."

"दुसरी देता येत नाही म्हणून सुटले मी. देता आली असती, तर तुला द्यावी की नाही, ह्या विचारानं झुरले असते." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "आणि शेवटी नाहीच म्हटलं असतं. तुला!"

एवढं बोलून झाल्यावर मग त्यांना रडू कोसळलं.