बाल्कनीतली चाकाची खुर्ची

मित्रांनो, मी चाकाची खुर्ची. आता जुनी झाले आहे. माझ्यासारखी खुर्ची आपल्या घरात यावी असे कोणालाच वाटत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. कोणाचे हाड मोडले, कोणाचे पाय लुळे पडले, की मगच माझी आठवण होते. माझी तक्रार आहे ती त्यानंतरची.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला आणि निळ्या रेक्झिनची बैठक शिवली. मला विकत घेतले ते विनिताबाईंनी. त्यांचे यजमान नरेंद्र ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. रोज सकाळी विनिताबाई मला ढकलत दारापुढच्या आंब्याखाली नेत. तिथे नरेंद्र डाव्या हाताने पेपर उलटत बसत. ऊन चेहऱ्यावर आले की म्हणत, "जरा मागे घे गं." एका हिवाळ्यात ते गेले.

नातेवाईक म्हणाले, "ही खुर्ची विकून टाक. डोळ्यांसमोर नको." विनिताबाईंनी मला विकले नाही. त्यांनी दाराबाहेर पाटी लावली. चाकाची खुर्ची, वॉकर आणि कमोडची खुर्ची ज्याला लागेल त्याने न्यावी, पैसे नाहीत, गरज संपली की परत आणावी.

शेजारचे प्रमोद रिक्षा चालवत. ते म्हणाले, "वहिनी, ओळख ना पाळख, असं कोणालाही देणार? निदान आधार कार्ड तरी ठेवून घ्या."

"ज्याच्या घरी माणूस पडलंय, त्याच्याकडे कागद काय मागायचे, भाऊजी?" विनिताबाई म्हणाल्या. "बाहेर हिंडून समाजसेवा करायला माझे गुडघे राहिले नाहीत. घरी बसून जेवढं होईल तेवढं करते."

घरी बसून त्या पुष्कळ करत. मी जिथे जाई तिथे त्यांचा फोन येई. आजोबा जेवतात का, पाठीला जखम होत नाही ना, कूस बदलता ना, असे त्या विचारत. मी परत आले की मला फिनाइलच्या पाण्याने पुसत आणि चाकांना तेल घालत.

ती वर्षे चांगली होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एका सिंधी कापडवाल्याच्या म्हाताऱ्या वडिलांकडे मी राहिले. संध्याकाळी त्यांना दुकानाच्या पायरीशी आणून बसवत, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत. ते गेल्यावर त्यांची सून मला पुसून, पापडाचे पुडके घेऊन आली. "आंटी, ये रखो. बाबा बोलके गये थे, कुर्सी खाली हाथ नहीं लौटाना." पाय मोडलेल्या कीर्तीला मी दहावीच्या परीक्षेला नेले. शेवटचा पेपर संपल्यावर तिच्या मैत्रिणींनी मला शाळेच्या मैदानात इतक्या जोरात पळवले, की माझा पाय टेकवायचा पायटा निखळला. विनिताबाई रागावल्या नाहीत. तारेने त्यांनी तो घट्ट बांधला.

मग अभिजीत आला.

बदलापूरच्या एका नव्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये तो राहत होता. त्याच्या वडिलांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. तो विनिताबाईंच्या पाया पडला. "काकू, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय," तो म्हणाला. त्याने त्यांचा माझ्यासोबत फोटो काढला आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. ती त्याने विनिताबाईंना दाखवली. त्या लाजल्या.

त्याचे वडील सज्जन होते. पावसाळ्याच्या तोंडावर ते काठी घेऊन चालू लागले, आणि मुलाला म्हणाले, "आता ती खुर्ची देऊन ये रे." नंतर ते धाकट्या मुलाकडे राहायला गेले. त्या घरात माझ्याविषयी बोलणारे कोणी उरले नाही.

मला बाल्कनीत ठेवले. अभिजीतची बायको शलाका हिला झाडांची आवड होती. तिने आधी एक कुंडी माझ्यावर ठेवली, मग दुसरी. पाणी घातले की ते मातीसकट माझ्या बैठकीत मुरे. पावसाची झड माझ्या चाकांवर येई.

अभिजीत फोनवर बोलायला बाल्कनीतच येत असे, म्हणून मला सगळे ऐकू येई.

"हो काकू, रविवारी आणतो. नक्की."

पुन्हा फोन आला. "गाडीत बसत नाहीये हो ती. टेम्पो बघतो."

एकदा हातात चहाचा कप होता, म्हणून त्याने फोन स्पीकरवर ठेवला. कितीतरी दिवसांनी मी विनिताबाईंचा आवाज ऐकला.

"अभिजीत, बारवी धरणाकडच्या पाड्यावरनं एक बाई आलीय. जनी नाव तिचं. तिचा नवरा देऊ, बांधकामावर परांचीवरनं पडला. कंबरेखालचं सगळं गेलंय. अंधाऱ्या खोलीत पडून असतो. डॉक्टर म्हणालेत, बसवा, नाहीतर पाठ सडेल. माझ्याकडे दुसरी खुर्ची नाही रे."

"अरेरे. हो काकू, या रविवारी शंभर टक्के."

फोन ठेवून तो आत शलाकाला म्हणाला, "फारच मागे लागलीय यार ही बाई. आपण काय खाऊन टाकणार आहोत का खुर्ची?"

"मग देऊन ये ना," शलाका म्हणाली.

"तू कुंड्या उचल, मी देतो."

"मी एकटी कशा उचलू? तू उचल."

कुंड्या कोणीच उचलल्या नाहीत. तो रविवार गेला. दोघेही वाईट नव्हते, मित्रांनो. मोगऱ्याचे एक पान पिवळे पडले तरी शलाका हळहळत असे. मी तिथे आहे, हेच त्यांना दिसेनासे झाले होते.

विनिताबाईंनी प्रमोदभाऊजींना मला आणायला पाठवले. खाली गेटवर वॉचमनने इंटरकॉमवरून विचारले, आणि अभिजीतने सांगितले, "साहेब घरी नाहीत म्हण." त्यानंतर विनिताबाईंचा फोन तो उचलेनासा झाला.

दिवाळी होऊन गेल्यावर, भातकापणीच्या दिवसांत, एका सकाळी दाराची घंटा वाजली. विनिताबाई स्वतः आल्या होत्या. एका हाताने प्रमोदभाऊजींना धरून त्या बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांनी मला पाहिले. माझी बैठक फाटली होती. एक चाक गंजून बसले होते.

"अहो काकू, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" अभिजीत म्हणाला. "आम्ही आणणारच होतो."

विनिताबाई वाकल्या आणि पहिली कुंडी उचलू लागल्या.

"काकू, राहू द्या, मी करतो..."

"तू नको," त्या म्हणाल्या. "तुला वेळ नसतो."

शेवटची कुंडी उतरवताना त्यांचा श्वास लागला होता. शलाका पाणी घेऊन आली. त्यांनी ते घेतले नाही. प्रमोदभाऊजींनी चाक ठोकून मोकळे केले, मला दुमडले, आणि अभिजीतच्या मोठ्या गाडीत मावत नव्हते ती मी त्यांच्या रिक्षात मागच्या सीटवर, विनिताबाईंच्या शेजारी सहज मावले.

"घरी ना, वहिनी?"

"नाही. पाड्यावर. आजच द्यायची."

वाटेत धरणाचे पाणी दिसले. विनिताबाई पदराच्या टोकाने माझा हात पुसत राहिल्या. बैठकीवर चादर घडी करून घालू, पाठीला उशी देऊ, असे त्या प्रमोदभाऊजींना सांगत होत्या. देऊला खळ्यावर बसायचे होते. झोडणी चालू असताना नुसते तिथे बसायचे, एवढेच त्याने जनीकडे मागितले होते. "बसेल आज," त्या म्हणाल्या. मलाही तसेच वाटले. इतक्या दिवसांनी माझे चाक फिरणार होते.

जनी अंगणात सूप घेऊन भात पाखडत होती. तिने रिक्षाकडे पाहिले, विनिताबाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती उठली नाही.

"जनी, आणली गं. देऊ कुठंय?"

"गेला तो, ताई. दिवाळीच्या वक्ताला."

विनिताबाई रिक्षाला धरून उभ्या राहिल्या.

"पाठीला भोकं पडली व्हती," जनी म्हणाली. "शेवटी शेवटी वळवू पन देत नव्हता. म्हनायचा, मना खळ्यावर ने. मी न् सासू, आमी दोघी बाया, कशा नेनार? दाराच्या फळीवर घालून नेला एक डाव, तं वरडला, मंग परत आनला."

प्रमोदभाऊजींनी मला अंगणात उतरवून ठेवले होते. कोंबड्या माझ्या चाकांभोवती दाणे टिपत होत्या. मग जनीने विचारले, "ही व्हती तं कुठं इतकं दीस?"

"बदलापूरला." विनिताबाई म्हणाल्या. "तिच्यावर झाडं ठेवली होती."

"झाडं?" जनीला ते कळेना. तिने माझ्याकडे पाहिले, मग पाड्यामागच्या रानाकडे. "झाडं तं भुईत ऱ्हातात ना, ताई."

तिने मला ठेवून घेतले नाही. "घेऊन जा. दुसऱ्या कोनाला लागंल," म्हणाली, आणि पुन्हा सूप उचलले.

परतताना विनिताबाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. त्यांनी नंतर मला दुरुस्त केले, नवी बैठक शिवून घेतली. मी आजही लोकांच्या घरी जाते. पण आता मला देताना त्या कोणाला काही विचारत नाहीत. आजोबा जेवतात का, हा फोनही करत नाहीत. एवढेच म्हणतात, "परत आणा." तो प्रेमळ आवाज कोणी मोडला, ते मला ठाऊक आहे. अभिजीतला ठाऊक नाही. त्याने अजूनही त्यांचा फोटो जपून ठेवला असेल.

मित्रांनो, माझी दुसरी काही मागणी नाही. मला पुसले नाही तरी चालेल, तेल घातले नाही तरी चालेल, आभार तर मुळीच नकोत. गरज संपली की मला परत करा, आणि कोणाला मागायला लावू नका. ज्या दारातून तुम्ही मला नेता, त्या दारात तुमच्या मागे आणखी कोणीतरी उभे असते.

देऊला तर उभेही राहता येत नव्हते.