एका पंपात दोन औषधं

मिताली हॉस्पिटलात आली तीच मुळी भांडून. "धाव्वीचं वर्ष हाय, तुझं काय काम तिथं?" असं आबा, म्हणजे तिचे वडील धनाजी, गावाच्या, विंझरच्या, स्टँडवरही म्हणतच होते. पण गेल्याच महिन्यात तिनं शाळेत वक्तृत्वाचा पहिला नंबर मारला होता, आणि तेव्हापासून तिला गप्प बसवणं म्हणजे उधळलेल्या खोंडाला वेसण घालणं. एसटी लागली नि ही आईशेजारी जाऊन बसलीसुद्धा!

पुण्याच्या डॉक्टरांनी आईच्या स्कॅनचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"नलूताई, गाठी वाढल्यात. लिव्हरमधल्या वाढल्या, मणक्यातल्याही. छातीतून पसरलेल्या कॅन्सरनं पहिलं औषध जुमानलं नाही, म्हणून तीन महिन्यांपूर्वी दोन गोळ्यांची जोडी दिली. आता जोडीही फेल गेलेली दिसतेय. बंद करू. यापुढं सलाईनमधून द्यायची औषधं."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आबांनी मान खाली घातली. मितालीला तेच खटकलं. ग्रामसभेत सरपंचाला आडवा घेणारा माणूस, आणि इथं मान खाली?

"उरलेल्या गोळ्या द्या," नर्सबाई म्हणाल्या. आबा हातातली पिशवी सोडेनात. मितालीनं ओढून घेतली आणि टेबलावर उपडी केली. आतल्या स्टीलच्या डब्याचं झाकण उडालं. पांढऱ्या पट्ट्या, पिवळ्या पट्ट्या. जवळपास निम्म्या भरलेल्या.

"एवढ्या उरल्या कशा, आबा?"

"एक आठवडा ही, एक आठवडा ती," आबा पुटपुटले. "सुरवातीला दोनी दिल्या तवा तिचं तोंड आलं. पाणी पिताना रडायची. गेल्या साली म्या भातावरच्या करप्याचं आन् खोडकिड्याचं औषध फवारायच्या एकाच पंपात घातलं, तर समदं खाचर जळालं. दोन जहाल औषधं एका येळी घालायची न्हाईत, हे काय शिकवाया लागतं व्हय?"

"आई म्हणजे भाताचं खाचर आहे का?"

"आवाज खाली कर, मिते."

"नाही करणार! गोळ्या तुम्ही चुकवायच्या, आणि फेल कोण? औषध? आई?"

डॉक्टरही तापले. "अहो, एका गोळीला चुकवायला आजार पळवाट काढतो, दुसरी ती पळवाट बुजवते. एकेकटी देऊन काय उपयोग?"

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलं?" मिताली त्यांच्याकडं वळली. तिचे कान नुसते पेटले होते. "कागदावर काय लिहिलंय ते इंग्रजीत. तोंड येईल, घाबरू नका, फोन करा, एवढं मराठीत बोलायला किती वेळ लागतो, सर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"झालं तुमचं?"

आई बोलली होती. हळू, पण असं की नर्सबाईंनीही मान वर केली.

"तोंड माझं आलं, गाठी माझ्या. सकाळी हातावर गोळी यायची, मी गिळायची. कुठली, कशाची, मला कुणी इचारलं? मी म्हनले असते, येऊ दे तोंड, पेज पिऊन राहीन. पर इचारतंय कोण!"

आबा टेबलावरच्या पट्ट्या एकेक करून डब्यात भरू लागले.

"म्हणजे जोडी अजून नीट दिलीच गेली नाही," म्हणत डॉक्टरांनी ती बंद करायचं लिहिलेलं खोडलं. दोन्ही गोळ्या रोज, सोबत. तोंडासाठी गुळण्यांचं औषध. त्रास सोसेना झाला तर फोन. डोस ते स्वतः कमी करतील. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

"उशीर झालाय का?" मितालीनं विचारलं.

"असू शकतो. आज सांगता येत नाही."

बाहेरच्या बाकावर आईनं हात पुढं केला. "डबा द्या हिकडं." आबांनी दिला. तिनं एक पांढरी, एक पिवळी काढली, तळहातावर शेजारीशेजारी ठेवली. आबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला घेतलं, पण ते दोनदा बोटांतून निसटलं. मितालीला दिसलं ते. पण राग काही उतरला नाही, आणि तिनं तो उतरवलाही नाही.

आईनं बाटली त्यांच्या हातातून घेतली, स्वतःच उघडली, आणि दोन्ही गोळ्या एका घोटात गिळल्या. मग डबा पिशवीत न टाकता मांडीवर घट्ट धरून बसली.