खाटेपाशी आणि गाडीखाली

आगाराच्या व्यवस्थापक बाईंनी फोरमनकडे एक नाव मागितलं होतं. महिनाअखेरपर्यंत द्यायचं. ज्याचं नाव येईल त्याला कामावरून काढणार, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं होतं. बाई आवाज न चढवता बोलल्या की ते होतंच, हे आगारात सगळ्यांना ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. आगारातून दुरुस्त होऊन गेलेली एक बस भर रस्त्यात थांबली. ब्रेकला हवा पुरवणाऱ्या नळीचा एक सांधा पुरता आवळलेलाच नव्हता. हवेचा काटा खाली येताना चालकाला दिसला, त्याने गाडी हलकेच कडेला घेतली, प्रवासी कुरकुरत उतरले. जिवावर आलं होतं ते शेपटावर गेलं, एवढंच.

त्या बसवर दोन पाळ्यांनी काम केलं होतं. सकाळच्या पाळीचा प्रमुख मेकॅनिक म्हणजे मौनी. त्याला बोलणं म्हणजे गंजलेला बोल्ट काढण्याइतकं कष्टाचं वाटे, म्हणून हे नाव. दुपारच्या पाळीची प्रमुख वायरताई. वायरिंगच्या कामावर लागली म्हणून वायर आणि सगळ्यांना दटावते म्हणून ताई. ती गप्प दिसली की लोक तब्येतीची चौकशी करत.

फोरमनने दोघांना वेगवेगळं विचारलं. मौनी म्हणाला, काम अर्धं आहे हे मी कळवलं होतं. पुढे एक शब्द नाही. वायरताई म्हणाली, मला कुणी काही कळवलं नाही, आणि पुढे शंभर शब्द. कामाच्या कागदावर 'ब्रेक पाहिले' असं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फोरमन दोघांना अनेक वर्षं ओळखत होता. दोघांपैकी कुणीही खोटं बोलणारं नव्हतं. मग नाव द्यायचं कुणाचं?

त्याच सुमारास फोरमनचे वडील, आबा, घरात पाय घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. फोरमनची वहिनी त्याच रुग्णालयात त्याच विभागाची मुख्य परिचारिका होती, त्यामुळे आबांची बडदास्त चांगली होती. फोरमन दुपारी त्यांच्याजवळ बसलेला असताना परिचारिकांची पाळी बदलली. जाणारी आणि येणारी, दोघी थेट आबांच्या खाटेपाशी आल्या. जाणारी सांगू लागली आणि येणारी नुसतं ऐकत न बसता पांघरूण बाजूला करून जखमेची पट्टी बघू लागली, सलाईनची सुई टोचली होती तिथे बोट लावून पाहू लागली. मग ऐकलेलं सगळं तिने स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं.

आबा म्हणाले, "पोरी, बाकी सगळं बरोबर. पण सूज डाव्या पायाला आहे. उजवा बिचारा उगाच बदनाम होतोय."

दोघींनी पाहिलं. आबांचं खरं होतं. जाणारी हसली, चूक सुधारली आणि पुढच्या खाटेकडे गेली. फोरमन बघतच राहिला. आपल्याकडे कुणी अशी चूक काढली असती, तर आठवडाभर अबोला झाला असता.

बाहेर व्हरांड्यात त्याने वहिनीला याबद्दल विचारलं. ती म्हणाली, पूर्वी आम्ही हे सगळं चहाच्या खोलीत बसून उरकायचो. मग वरून हुकूम आला की यापुढे खाटेपाशी उभं राहून सांगा. मुली पाढे म्हटल्यासारखं घडाघडा म्हणायच्या, पेशंट घोरत असायचे, आणि थोड्याच दिवसांत हुकूम कपाटात जाऊन पडला. पुढे एका पेशंटला एकच औषध दोनदा दिलं जाता जाता राहिलं. मग आम्ही हुकूमबिकूम बाजूला ठेवून एकाच खाटेवर सुरुवात केली. आज करून बघायचं, उद्या जमलं नाही ते टाकायचं. कागद वाचून दाखवणं टाकलं. बघणं, हात लावणं आणि परत सांगणं ठेवलं.

"आणि भावजी, एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरवली," ती म्हणाली. "खाटेपाशी सापडलेल्या चुकीला रागवायचं नाही. तिथे सापडली म्हणून तर आपण वाचलो."

दुसऱ्याच दिवशी फोरमनने रुग्णालयात पाहिलेलं सगळ्यांना सांगून आगारात हा प्रयोग लावला. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांना एका बसपुढे उभं केलं आणि मौनीला सांगायला लावलं. मौनी बसच्या काचेकडे बघून म्हणाला, "ब्रेक. काम चालू." कुणीतरी बसच्या कपाळावर हात ठेवून ताप नाही असं जाहीर केलं, दुसऱ्याने तिला जीभ दाखवायला सांगितली. वायरताई हात बांधून म्हणाली, "ब्रेक, काम चालू. झालं माझं पाठांतर. जाऊ का, गुरुजी?"

फोरमनही हसला. पण संध्याकाळी आबांना हे सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. महिना सरत आला होता.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही उभे कुठे होता?"

"गाडीपुढे."

"आणि दुखणं कुठे होतं?"

"गाडीखाली."

"मग पांघरूण न उचलताच नाडी बघितलीस की रे."

शिकण्यातली ही नेहमीचीच अडचण आहे. दुसऱ्याचं चांगलं दिसलं की आपण त्याचं वरचं रूप उचलतो. तो कुठे उभा होता तिथेच उभे राहतो आणि कशासाठी उभा होता ते विसरतो. फोरमनला ते एका वाक्यात कळलं, कारण त्याला कळून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना तो मौनी आणि वायरताईला घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. खड्डा अरुंद, तेलकट वासाचा, वर बसचं काळं पोट. त्याने मौनीला सांगितलं, बोलू नकोस, नुसतं हात लावून दाखव. मौनीच्या हाताला कधीच संकोच नव्हता, आणि हात चालू लागला तसे तुटक शब्दही निघू लागले. हा बोल्ट झाला, हाही झाला. या सांध्याचा वायसर झिजलाय, भांडारातून नवा आला की बसवायचा, तोवर नुसता हाताने लावलाय. एवढं दाखवून त्याने आपल्या हातातला पाना त्या सांध्यावर अडकवून ठेवला.

वायरताईने मान डोलावली आणि सहज हात वर करून तो पाना काढून घेऊ लागली.

मौनीने तिचं मनगट धरलं. "राहू दे."

"का राहू दे? गाडीत हत्यार विसरायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"विसरलो नाही. ठेवलाय. अर्धं आहे."

 फोरमनने हळूच विचारलं, रस्त्यात थांबलेल्या त्या बसलाही असाच ठेवला होतास? मौनीने होकारार्थी मान हलवली.

वायरताई पायरीवर बसली. "मीच काढला तो," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही मला सांगितलं होतंत, मौनीकाका. आणि तुमचं सांगणं मी पुसून, साफ करून फळीवर टांगून ठेवलं."

आता यात चुकलं कोण? पूर्वी एका गाडीचं काम एकाच पाळीत संपे. जेवायला जाताना अर्ध्या कामावर पाना अडकवून जायची सकाळच्या पाळीची जुनी रीत होती. ती इतकी अंगवळणी पडली होती की ही खूण दुसऱ्या कुणाला सांगावी लागेल, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे गाड्या वाढल्या, अर्धं काम दुपारच्या पाळीकडे जाऊ लागलं. दुपारच्या पाळीची शिस्त अशी की गाडीत एकही हत्यार राहता कामा नये. दोन चांगल्या सवयी आमनेसामने आल्या आणि त्यांच्या मधल्या फटीतून बस रस्त्यावर गेली.

त्या दिवसापासून दोन्ही पाळ्या रोज खड्ड्यात उतरू लागल्या. अर्ध्या कामाला लाल फडकं बांधायचं ठरलं. ते तेलाने असं काळं झालं की कुठलं फडकं आणि कुठली नळी, ओळखू येईना. मग ते टाकलं. वायरताईने सुचवलं की पिवळी पट्टी थेट स्टिअरिंगला बांधू, म्हणजे गाडी कुणी हलवणारच नाही. ते टिकलं. मौनी अजून कमीच बोलत होता, पण वायरताई प्रश्नांवर प्रश्न विचारून त्याच्याकडून काढून घेई. मी काकांच्या तोंडाला वंगण घालते, असं ती म्हणे.

महिनाअखेरीला बाईंचं बोलावणं आलं. फोरमनने निरोप पाठवला की मॅडम, आज पाळी बदलताना आपणच खाली या. बाई आल्या. साडी सावरत खड्ड्याच्या पायऱ्या उतरल्या आणि सगळं ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नाव आणलंत?"

"नाही, मॅडम. नाव देणार नाही," फोरमन म्हणाला. घडलं होतं ते त्याने सरळ सांगितलं, पाना कुणी ठेवला आणि कुणी काढला तेही. "यातल्या एकाला काढलं असतं तर तीच फट दुसऱ्यासाठी तशीच राहिली असती."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

"तर आम्हाला इथे सापडेल. रस्त्यावर नाही."

बाई मौनीकडे वळल्या. तेव्हाच हे तोंडाने का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, सांगितलंय," मौनी म्हणाला.

बाईंनी वर बसच्या पोटाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, दोघंही कामावर राहतील, आणि उद्याच सगळ्या आगारांना हुकूम काढते की असंच करा.

"हुकूम तेवढा नको, मॅडम," फोरमन म्हणाला. "प्रत्येक आगारातून दोघंजण इथे पाठवा. एक दिवस आमच्याबरोबर खाली उतरू देत. त्यांच्याकडे काय निसटतंय, ते त्यांचं त्यांना शोधू दे. आमची पिवळी पट्टी त्यांच्या उपयोगाची असेलच असं नाही."

"खाली उतरलं की त्यांनाही सापडेल, एवढी खात्री आहे?"

"रोज बघतोय, मॅडम."

बाई किंचित हसल्या. तेवढ्यात गाडीच्या मागच्या टोकाकडून वायरताईचा आवाज आला. इकडे अंधार आहे, कुणीतरी जरा दिवा धरा, गप्पा नंतर. फोरमन पुढे झाला, पण दिव्याच्या सर्वांत जवळ व्यवस्थापक बाई होत्या. त्यांनी पदर खोचला, दिवा उचलला आणि वायरताई बोट दाखवत होती तिथे तो धरून उभ्या राहिल्या.

"अजून थोडा वर," वायरताई म्हणाली. बाईंनी दिवा वर केला.